खुर्चीत कोण होतं

पान्याचा पहिला घाव मी जावयाच्या मनगटावर घातला, कारण त्या हातात माझ्या मुलीचे केस होते. काडकन आवाज झाला आणि केस सुटले. तो वळून माझ्याकडे बघायला लागला. चेहऱ्यावर दुखल्याचं काही नव्हतं, नुसतं आश्चर्य होतं. सासू मारते? त्याला हे पटेपर्यंत मी दुसरा घाव गुडघ्यावर घातला, आणि तो कपाटाच्या कडेवर हनुवटी आपटत खाली आला.

तिथं थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. रागात माणसाला भान राहत नाही म्हणतात, ते खोटं आहे. मला सगळं भान होतं. वीस वर्षं बेकरीत पीठ मळतेय मी, कुठं किती जोर लावायचा ते माझ्या दंडाला बरोबर कळतं. डोक्यावर मारायचं नाही, एवढं मी ठरवून पाळलं. बरगड्यांच्या बाबतीत काही पाळलं नाही.

मुलगी भिंतीला टेकून बसली होती. ओठ फाटलेला, डावा डोळा सुजून मिटत आलेला, आणि मांडीवर चार महिन्यांची नात रडून रडून काळीनिळी झालेली.

"आई, पुरे. मरेल तो."

"मरत नाही. ऊठ. पोरीचं दुपटं घे."

"चप्पल..."

"तशीच चल."

पाना मी तिथंच फरशीवर टाकला. हाताला रक्त होतं, त्याचं का मुलीचं, कोण जाणे. जिन्यात दोन दारं किलकिली झाली आणि माझं तोंड बघून पुन्हा लागली. दीड वर्ष ह्याच दारांनी भिंतीपलीकडची आदळआपट ऐकली होती. एकदाही कुणी कडी वाजवली नव्हती. एकेकाचं दार फोडावं असं वाटलं मला त्या वेळी.

मुलीचं घर आमच्या घरामागच्या तिसऱ्या गल्लीत. चालत पाच मिनिटं, धावत तीन. मी धावत गेले होते, आणि एकटी गेले होते. ते कसं, हे आता सांगायला हवं.

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. आवाज कधी चढला नाही, हात कधी उचलला नाही, कुणाला कधी अरेला कारे केलं नाही. पण ह्या माणसाला एक व्यसन. हौशी बिनतारी. घरात रेडिओचं यंत्र, गच्चीवर तारा, आणि बसून जगातल्या अनोळखी माणसांशी बोलायचं. बोलायचं म्हणजे तरी काय, तू ऐकू आलास, मी ऐकू आलो, संपलं. एवढ्यासाठी बावीस वर्षं. अलीकडे तर तोंडानं बोलायचंही राहिलं नव्हतं. संगणकावर प्रोग्राम बसवला, तो पंधरा पंधरा सेकंद कुई-कुई करून हाक मारतो, पुढची पंधरा सेकंद कान देतो, आणि कोण कुठून बोललं ते पडद्यावर लिहून देतो.

त्याच प्रोग्राममध्ये दुसऱ्या पानावर सगळं जग चौकोनांत मांडलेलं. एकूण तीनशे चाळीस. त्यांच्या लेखी ओसाड बेटसुद्धा देशच. जिथं अजून बोलणं झालं नाही तो चौकोन तांबडा, झालं की पिवळा, आणि पलीकडच्यानं आपल्या नोंदवहीत तीच वेळ, तीच नोंद दाखवली की हिरवा. सगळे हिरवे करणाऱ्याला परदेशातली एक समिती मानपत्र देते. ह्यांचे तीनशे एकोणचाळीस हिरवे होते. एकच तांबडा राहिला होता, दक्षिणेकडचं कुठलंसं बर्फाळ बेट, जिथं नुसते सील राहतात आणि दहा-बारा वर्षांतून एकदा ह्यांच्यासारखेच वेडे यंत्रं घेऊन आठ दिवस जातात. त्या दुपारी त्यांचा तिथला शेवटचा दिवस होता. बेटाचा आवाज आमच्याकडे रोज चारच्या सुमाराला अर्धा तास यायचा, मग विरून जायचा.

चार वाजून दहा मिनिटांनी मुलीचा फोन आला. "आई" एवढंच ऐकू आलं. मग काहीतरी फुटलं, मग फोन कुठंतरी पडला, आणि तान्हीचा आवाज. मी ह्यांच्या खोलीच्या दारात गेले.

"अहो, चला. मारतोय तो तिला."

ह्यांनी मागं न बघता हात वर केला. "एक मिनिट."

"अहो, मुलीला मारतोय!"

"एकच मिनिट. धरलंय मला त्यांनी, अर्धं झालंय."

तो वर केलेला हात मी तोडलाच असता. त्याऐवजी दाराशी टांगलेल्या ह्यांच्या पिशवीतला सगळ्यांत मोठा पाना घेतला आणि गेले.

मुलीला आणि नातीला घेऊन परत आले तेव्हा साडेचार झाले असतील. मी दार ढकललं, आणि हे खुर्चीवरून उठून दोन्ही हात पसरून समोर आले. असा आनंद मी ह्या माणसाच्या तोंडावर लग्नातसुद्धा बघितला नव्हता.

"मिळालं! अगं, मिळालं! चार सतरा! त्यांच्या वहीत चढलंसुद्धा, बघ, बघ..."

मी मुस्काटात मारली. रक्ताच्या हातानंच. चष्मा उडून टेबलाखाली गेला.

"काखेत कळसा न् गावाला वळसा म्हणतात तो असा," मी ओरडत होते. "सगळं जग ऐकू येतं तुम्हाला! तीन गल्ल्या पलीकडचं तेवढं येत नाही! बघा तिच्याकडे! बघा!"

ह्यांनी बघितलं. चष्म्याशिवाय ह्यांना फार दिसत नाही, म्हणून अगदी जवळ गेले. मुलीच्या डोळ्याशी, ओठाशी, कपाळाशी, जिथं केसांचा पुंजका उपटून निघाला होता. तिच्या गालाला हात लावायला गेले तर ती दचकून मागं सरली. आपल्या बापाला. मग हे भिंतीशी जाऊन उभे राहिले आणि थडाथडा कपाळ आपटायला लागले. एकदा, दोनदा, पाचदा. मी अडवलं नाही. खरं सांगते, मला ते बरं वाटलं.

मुलीनंच शेवटी अडवलं. "बाबा, बाळ झोपतंय."

त्याआधी दोनदा ती मार खाऊन आली होती. दोन्ही वेळा ह्यांनी "समजुतीनं घे, राग शांत झाला की माणूस बरा असतो" म्हणून तिला परत पोचवलं होतं, आणि मीही मूग गिळून बसले होते. तेव्हा सगळा दोष त्या यंत्रावर घालून मला मोकळं होता येणार नाही. पण त्या दिवशी मी घातला. कळफलक उचलून भिंतीवर फेकला. अक्षरं तुटून खोलीभर उडाली. 

सहाच्या सुमाराला पोलीस आले. एक फौजदार आणि एक दांडगा हवालदार. जावई इस्पितळात होता. मनगट मोडलेलं, तीन बरगड्या, हनुवटीला टाके. त्यानं जबानीत सांगितलं होतं की सासऱ्यानं मारलं. आता बघा गंमत. बायकोला तुडवताना ज्याला लाज वाटली नाही, त्याला सासूनं लोळवलं हे सांगायची मात्र लाज वाटली. शिवाय पाना सापडला होता, आणि त्यावर लिफ्टच्या कंपनीनं ठोकलेला ह्यांचा नंबर होता.

"तूच का तो लिफ्टवाला?" असं म्हणत हवालदारानं ह्यांना गचांडी धरून भिंतीवर आदळलं, ओठ फुटला. वर पोटात गुडघा. हे वाकले तर मानेवर कोपर.  डोकं चालेना, आणि जे पहिलं तोंडात आलं ते मी ओरडले.

"सोडा त्यांना! हे घरातच होते! मशीनवर बसले होते, त्या प्रोग्राममध्ये वेळ लिहिलेली आहे, बघा जाऊन!"

फौजदार डोकेबाज माणूस. त्यानं पडद्यासमोर जाऊन पाहिलं. तिथं जगाच्या घड्याळाची वेळ असते. ती आपल्या वेळेत किती ते त्यानं ह्यांनाच विचारलं, आणि स्वतःही बोटांवर मोजलं. चार सतरा. जावयाच्या शेजाऱ्यांनी ओरडा ऐकला तोही सव्वाचारलाच.

"ही नोंद आपल्याला हवी तेव्हा लिहिता येते का?"

ह्यांच्याआधी मीच बोलले. "नाही हो साहेब! पलीकडचा माणूस त्याच्या वहीत तीच वेळ लिहितो. दोन्ही जुळल्याशिवाय चौकोन हिरवा होत नाही." बावीस वर्षं कानीकपाळी ऐकलेलं सगळं मी घडाघडा म्हणून दाखवलं. मला वाटलं, सोडवलं मी ह्यांना.

फौजदारानं मान हलवली. "म्हणजे हे खुर्चीत होते," तो सावकाश म्हणाला. "मग ह्यांचा पाना कुणी नेला?"

आणि त्यानं माझ्या दंडांकडे बघितलं.

पायाखालची फरशी सरकली म्हणतात, ते काय ते मला तेव्हा कळलं. आत मुलगी, तिच्या कुशीत तान्ही, आणि मी माझ्याच तोंडानं माझाच दोर वळून दिला होता. तरी मी म्हणणार होते. देवाशप्पथ, मी म्हणणार होते. "मी" एवढं तोंडातून निघालंही.

"मशीन एकटंच होतं," हे म्हणाले.

पोट धरून, वाकलेलेच. हवालदारानं पुन्हा हात उचलला, तो फौजदारानं थांबवला.

"साहेब, प्रोग्रामला आपलं आपण चालू ठेवायची सोय असते. एक खूण केली की तो स्वतःच हाका मारतो, स्वतःच उत्तर देतो, स्वतःच लिहून ठेवतो. मी खूण करून गेलो होतो. खुर्चीत कोणी नव्हतं. मी जावयाच्या घरी होतो."

मला हसू येईल की काय असं झालं. ह्या माणसानं असं म्हणावं! कारण त्यांच्या त्या सगळ्या खेळाचा नियमच एक. प्रत्येक संपर्क माणसानं खुर्चीत बसून करायचा. मशीनला एकटं सोडून मिळवलेला देश म्हणजे चोरी, आणि एक चोरी सापडली की समिती नुसता तो देश काढत नाही, माणसाचं नावच खोडते, सगळ्या देशांसकट. ह्यांच्या ओळखीचे एक तारमास्तर आहेत, तारखात्यातून निवृत्त झालेले. आमच्या भागात हा नाद असलेले हे दोघेच. मास्तरांनी सहा वर्षांपूर्वी मशीन चालू ठेवलं आणि दाढ काढायला गेले. तेवढ्यात एक दुर्मीळ देश लागला, तो त्यांनी आनंदानं ह्यांना सांगितला. ह्यांनी त्याच संध्याकाळी समितीला पत्र लिहिलं. सख्ख्या मित्राविरुद्ध! मास्तरांचं नाव गेलं, त्यांची भिंतीवरची मानपत्रं गेली, आणि दोघांचं बोलणं गेलं.

फौजदाराचा ह्यांच्या सांगण्यावर विश्वास बसला नाही. "हे खरं की खोटं ते कोण सांगू शकेल?" त्यानं विचारलं. मास्तरांचं नाव ह्यांनी घेतलं नाही. मीही घेतलं नाही. पण यंत्राशेजारी भिंतीवर दोघांचा जुना फोटो होता, गच्चीवर तार बांधतानाचा. फौजदारानं त्यावरून मास्तरांचं नाव-पत्ता विचारून घेतला, आणि हवालदार अर्ध्या तासात त्यांना घेऊन आला.

मास्तरांनी चष्मा पुसला, ह्यांच्या खुर्चीत बसले आणि पडद्यावर एक लांबलचक फाइल उघडली, जिच्यात प्रोग्रामनं पाठवलेली प्रत्येक हाक लिहिलेली असते. बोट ठेवून वाचत खाली आले. चार अकराशी थांबले. चार चौदाशी पुन्हा थांबले. तिथं ह्यांनी रेडिओच्या पट्ट्यावरची आपली जागा बदलली होती, अर्धं झालेलं तुटलं म्हणून गर्दीतून जरा बाजूला सरकून पुन्हा हाक मारली होती, दोनदा. हे मला नंतर कळलं. एकटं सोडलेलं मशीन आपली जागा कधी बदलत नाही. ते बदलायला बोट लागतं, आणि बोटाला माणूस लागतो.

मास्तर खुर्चीतच मागं वळले. मग त्यांनी खोलीकडे बघितलं. फुटलेला कळफलक, भिंतीवर ह्यांच्या कपाळाचा डाग, आतल्या दाराच्या फटीत मुलीचा तो डोळा. शेवटी माझ्याकडे बघितलं.

"एकटंच होतं, साहेब," मास्तर म्हणाले. "मी स्वतः ह्याच चुकीपायी बाद झालेला माणूस आहे. मला कळणार नाही तर कुणाला कळणार?"

फौजदाराला पटलं की नाही, मला आजही माहीत नाही. जबानी, पाना आणि कबुली, तिन्ही एका माणसाकडे बोट दाखवत होते, आणि फौजदाराला घरी जायचं होतं. तो हवालदाराला घेऊन गाडीशी गेला, कागद करायला. पाच मिनिटं आम्हाला मिळाली.

मी ह्यांची कॉलर धरली. "काय केलंत हे? मी सांगते त्यांना. आत्ता सांगते."

"सांगू नकोस."

"मी मारलंय! मी! मला पश्चात्तापसुद्धा नाही!"

"म्हणूनच तू घरी राहायचं," हे म्हणाले. "तू आत गेलीस तर तो आपल्या लेकीला न्यायला येईल, आणि मी... मी हिला परत पोचवीन गं. दोनदा पोचवलीय. मला माझा भरवसा नाही. तुझा आहे."

मी रडायला लागले. राग होता तोवर ठीक होतं. ह्यांच्या तोंडून ते ऐकल्यावर काही उरलं नाही हातात.

"आणि चार सतराला मी तिथंच असायला हवं होतं," ते म्हणाले. "निदान कागदावर तरी असू दे."

मास्तर अजून खुर्चीतच होते. ह्यांनी त्यांना हाक मारली, सहा वर्षांनी पहिल्यांदा.

"मास्तर, समितीला पत्र तुम्ही लिहा. मशीन एकटं सोडलं होतं म्हणून. नाव काढायला सांगा."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर उद्या कोणी वकील तो हिरवा चौकोन कोर्टात मांडेल, आणि मग हिला नेतील."

मास्तर उठले. ते ह्यांना मारतात की मिठी मारतात, मला कळेना. "माझ्या वेळी खरं होतं म्हणून लिहिलंस," ते म्हणाले.  "आता खोटं आहे म्हणून मी लिहायचं? भडव्या, बावीस वर्षं घासलीयस. आज दुपारी मीही ऐकत होतो. तुझी हाक जाताना बघितली मी. त्या बेटानं तुला उत्तर दिलं तेव्हा मी घरी टाळ्या वाजवल्या, एकटाच, येड्यासारख्या."

हे हसले. फुटलेल्या ओठानं. "मग झालं तर. एकाला तरी माहीत आहे."

हवालदारानं खालून हाक मारली. ह्यांनी टेबलाखालून चष्मा काढला, एक काच तडकली होती, तो तसाच लावला. मुलीच्या खोलीच्या दाराशी थांबले, पण आत गेले नाहीत. जिन्यात हवालदारानं त्यांच्या पाठीत बुक्की घातली, ती मी वरून ऐकली. जिन्यातली सगळी दारं ह्या वेळी सताड उघडी होती.

मास्तरांनी पत्र लिहिलं. तीन आठवड्यांत समितीनं नाव काढलं. यादीत ह्यांच्या आधीचा आणि ह्यांच्या नंतरचा माणूस आता एकमेकांना लागून आहेत, असं मास्तरांनी मला दाखवलं. कोर्टात मुलीला विचारलं तेव्हा ती मान खाली घालून "हो, बाबाच" एवढंच म्हणाली आणि बाहेर येऊन ओकली. जावयानंही तेच सांगितलं, माझ्याकडे न बघता. तीनदा मी वकिलाच्या दारापर्यंत जाऊन खरं सांगायचं ठरवलं, आणि तीनदा नातीच्या दुधाची वेळ झाली म्हणून परत आले. ही सबब आहे, मला कळतं. दीड वर्षाची शिक्षा झाली.

जावई एकदा आला होता, काठी टेकत, मुलीला न्यायला. मी दार उघडलं. नुसती दारात उभी राहिले. तो तसाच जिना उतरून गेला.

भेट महिन्यातून दोनदा मिळते. जाळीपलीकडून हे नातीचं विचारतात, मुलगी रात्री नीट झोपते का विचारतात. पहिल्या महिन्यात कुणीतरी ह्यांचा पुढचा दात पाडला. कुणी, ते सांगत नाहीत. मीही विचारत नाही, कारण विचारलं तर हात शिवशिवतात.

आत सोडण्याआधी खिडकीवर एक चिठ्ठी भरून द्यावी लागते. भेटायला आलेल्याचं नाव खाली, आणि सगळ्यांत वर, ठळक अक्षरांत, 'कैद्याचं नाव'. मी पेन टेकवते आणि दर वेळी त्या वरच्या रकान्यात माझंच नाव लिहून बसते. पूर्ण लिहून झाल्यावर लक्षात येतं.

"मावशी, पुन्हा तेच?" खिडकीतला कारकून म्हणतो. "इतक्या वेळा येता, अजून एक चिठ्ठी धड भरता येत नाही?"

"चुकलं हो साहेब," मी म्हणते, आणि दुसरी मागून घेते.